आत्या कुठे आहे?

आत्याने सव्वीस वर्षं कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप केली होती, आणि ती सगळी पत्रं अजून तिच्या बोटांत ठाण मांडून बसली होती. विचार करताना ती टेबलावरच टकटक चालवायची. निवृत्त झाल्यावर तिच्या हाताखाली एकच माणूस उरलं: धाकट्या भावाची दहा वर्षांची मुलगी, जिला सारं घर भिंगरी म्हणायचं. भिंगरी पाचला शाळेतून यायची, दप्तर भिरकावायची, आणि आत्याच्या खोलीत इंग्रजीचा गृहपाठ सुरू व्हायचा. गृहपाठ कसला, आत्या सांगणार आणि भिंगरी निमूट उतरवून घेणार!

त्या महिन्यात वहीवर तिसऱ्यांदा लाल शेरा आला. निबंधाचा विषय होता ‘माझी आत्या’. आत्याने अगदी जीव ओतून मजकूर सांगितला होता: सविनय सादर करण्यात येते की, सदर आत्या शिस्तप्रिय व वक्तशीर असून तिच्या वर्तणुकीबद्दल आजवर कोणतीही तक्रार नाही. त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, ‘पत्र छान आहे. पण यात आत्या कुठे आहे? पुन्हा लिही.’

“कुठे आहे म्हणजे? मी काय हरवलेय?” आत्या कडाडली. भिंगरी खुदकन हसली.

तिची आई मात्र हसली नाही. ती दवाखान्यात नर्स. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले, आणि त्यात ही वही. “ताई, राग मानू नका,” ती म्हणाली, “पण आता पुन्हा असा शेरा आला ना, तर हिला कोपऱ्यावरच्या शिकवणीला घालते. रोज पाच ते सात.”

पाच ते सात! आत्याची टकटक थांबली. “तुझी मुलगी, तू बघ बाई,” असं ती तोऱ्यात म्हणाली खरी. पण तेवढे दोन तास गेले तर दिवसात उरणार काय? सकाळचं वर्तमानपत्र आणि दुपारची झोप.

दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, “भिंगरे, आज तूच लिही. मी तोंडाला कुलूप लावते.”

कुलूप कसलं टिकतंय! दोनदा तिने तोंड उघडलं, दोन्ही वेळा भिंगरीने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. तासाभराने वही समोर आली. आत्याने चष्मा चढवला, लाल पेन उघडलं आणि वाचायला लागली.

‘माझी आत्या पत्त्यांत लबाडी करते आणि पकडली गेली की चष्मा पुसते. ती घोरते, पण कबूल करत नाही. तिला शिट्टी वाजवता येते, हे फक्त मला माहीत आहे.’

“अगं कार्टे! हे सगळं बाईंना सांगायचं? माझी काही अब्रू?” लाल पेन घोरण्यावर येऊन थांबलं. “खोडू हे?”

“खोड,” भिंगरी शांतपणे म्हणाली. “पण मग तू परत हरवशील.”

आत्याने तिच्याकडे डोळे वटारले आणि पुढचं वाचलं.

‘पाच वाजता ती दारात उभी असते. विचारलं तर म्हणते, कडी नीट लागते का बघतेय. कडी रोज नीट लागते.’

आत्याने ते पुन्हा वाचलं. तिला भरून आलं आणि मनापासून हसूही आलं, नि तिने खरोखरच चष्मा काढून पुसला. मग पेनाला टोपण लावलं आणि वही भिंगरीच्या दप्तरात घातली.

तीन दिवसांनी वही परत आली. चुकांखाली बारीक रेघा होत्याच, पण शेवटी बाईंनी लिहिलं होतं, ‘आत्या सापडली! भेटायला आवडेल.’ भिंगरीच्या आईने निबंध उभ्या उभ्याच वाचायला घेतला आणि हसता हसता खुर्चीत बसली. कडीपाशी आल्यावर तिचं हसू थांबलं. वही मिटून ती म्हणाली, “शिकवणीचं राहू दे, ताई.”

“बघ बाई, तुझी मुलगी,” आत्या म्हणाली. पण आवाज काही तोऱ्यात निघेना.

“आई, पुढच्या आठवड्यात ‘माझी आई’ आहे,” भिंगरीने जाहीर केलं.

आईचा चेहरा खर्रकन उतरला. “ताई, तेवढं जरा तपासून द्याल ना?”

“छे गं,” टेबलावर खुशीत टकटक करत आत्या म्हणाली, “मी आता लाल पेनाला हातच लावत नाही!”