राहीबाईच्या कोंबड्या

गिरणीतून रिटायर होऊन आप्पासो मगदूम घरी बसले, ते साल चौऱ्याहत्तर. चौतीस वर्षं सूतखात्यात काढलेला माणूस. दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या. आता माधवनगरच्या या दोन खोल्यांत आपण आणि शालन, दोघंच. सकाळी देवळातून आलं की ओट्यावर बसू, चार गोष्टी बोलू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण बायकोची सकाळ आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर लागलेली होती.

शेजारी राहीबाई राहायची. साताऱ्याकडची, वडूजची. नवरा नाथाजी पलटणीत. वर्षातून महिनाभर रजेवर यायचा. लेकीच्या शाळेसाठी तिनं इथं बिऱ्हाड केलं होतं आणि परसात दहा कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला होता. दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. तिच्यावरून कोंबड्या सरळ मगदुमांच्या परसात उतरायच्या.

शालननं त्यांना हाकललं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण ती निवडणातली ज्वारी पदरात घेऊन "ती ती ती" करत बसायची. जैनाच्या घरातली बाई, अंड्याला बोट लावायची नाही, पण तांबडी कोंबडी सरपणात अंडं घालून गेली की भिंतीपाशी जाऊन सांगायची, "राही, तुझी बाळंतीण झाली बग." आणि दोघी हसायच्या. मग बोलणं सुरू व्हायचं ते ऊन परसभर पसरेपर्यंत.

आप्पासो ओट्यावर ऐकत बसायचे. शालन इतकी बोलते हे त्यांना माहीतच नव्हतं. नाथाजीचं पत्र आलं, ते काय लिहितो, राहीच्या सासूची खोड, कुठल्या कोंबडीला कोंबडा विचारत नाही, असलं काय काय. ते परसात आले की राहीबाई पदर सावरायची, "येतो वैनी" म्हणून आत जायची आणि शालन मुकाट्यानं भांडी घासायला बसायची. आपण बोलायला गेलं तर ही "व्हय", "न्हाई", एवढ्यावर भागवते. ते त्यांना आत कुठंतरी लागायचं.

"परसात घाण किती झालीया," ते म्हणायचे.

"मी झाडतोय की," शालन म्हणायची.

एके दिवशी तांबडी दिसेना. राहीबाई रडकुंडीला आली. शालन तिच्याबरोबर शोधायला गेली ती गेलीच. मगदुमांच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची, हा लग्नापासूनचा रिवाज. ऊन भिंतीवरून उतरलं, मग गेलंच. चूल थंड होती. दिवे लागल्यावर शालन परतली, काखेत तांबडी. "रेल्वेच्या रुळापतुर गेलती रांड," असं म्हणताना तिचा चेहरा उजळला होता. नवऱ्याकडं बघितल्यावर तिच्या ध्यानात आलं. आप्पासो तसेच उपाशी झोपले. पोटातल्या भुकेपेक्षा तो उजळलेला चेहरा त्यांना जास्त छळत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरमालकाला चिठ्ठी लिहिली. दोन्ही बिऱ्हाडांचा मालक एकच, तो सांगलीत राहायचा. कोंबड्यांमुळं घाण, पिसवा, शेजाऱ्यांच्या धर्माला बाधा, असं सगळं व्यवस्थित मांडलं. खाली नाव घातलं नाही.

चार दिवसांनी मालकाचा माणूस आला. आठ दिवसांत कोंबड्या हलवा, नाहीतर खोली सोडा. राहीबाई भिंतीपाशी उभी राहून म्हणाली, "वैनी, ह्यास्नी वडूजला न्यायला कोण हाय मला? सांगलीचा खाटीक येतो म्हणालाय. समद्याच घेऊन जाईल."

शालन आत येऊन देव्हाऱ्यापुढं बसली आणि संध्याकाळी ताट वाढलं ते एकट्या आप्पासोंचंच.

"तुझं?"

"कुणीतरी चिठ्ठी लिवली म्हणं. अकरा जीव जाणार. ते सुटंस्तोवर मी जेवणार न्हाई."

पहिला दिवस आप्पासोंनी काढला. दुसऱ्या दिवशी शालन पाण्याची घागर उचलताना भिंतीला टेकली. त्यांनी घागर तिच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली.

"ती चिठ्ठी माझी," ते म्हणाले.

शालननं त्यांच्याकडं बघितलं.

"कशापायी?"

घाण, पिसवा, धर्म. सगळं तोंडाशी आलं होतं. बाहेर आलं ते वेगळंच. "राहीशी बोलतीस तसं माझ्याशी बोलत न्हाईस तू."

"आवं," शालन हळू आवाजात म्हणाली, "चौतीस वरसं तुमी गिरणीत. रातपाळी करून यायचा, जेवायचा, झोपायचा. पोरींना सुदिक मी गप बसवायची, तुमची झोप मोडंल म्हणून. बोलायची सवयच न्हाई लागली आपल्याला." मग जरा थांबून म्हणाली, "पर त्यात कोंबड्यांनी काय केलंवतं?"

ते दुपारीच सांगलीला गेले. मालक म्हणाला, एकदा सांगितलं ते सांगितलं. तिथून ते तासगावला गेले. सूतखात्यातला जोडीदार बिराप्पा तिथं एका द्राक्षबागेवर राखणीला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आण की गड्या. बागेतलं किडं खातील. सुरी लावणार न्हाई, माझ्या बिरोबाची आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासो मगदूम, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, मांडीवर कोंबड्यांचं डालगं घेऊन तासगावच्या एस.टी.त बसले. देवळातला ओळखीचा एक सावकार समोरच होता. त्यानं डालग्याकडं बघितलं, मग आप्पासोंकडं.

"शेजारणीच्या हायत," आप्पासो म्हणाले. कोंबडा तेवढ्यात आरवला. सगळी गाडी हसली. आप्पासो खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी, दिवस अजून वर असताना, शालन जेवली. चिठ्ठी कुणाची हे तिनं राहीबाईला सांगितलं की नाही, आप्पासोंना कधी कळलं नाही. राहीबाई मात्र आता ते परसात आले तरी आत जायची नाही. "आप्पा, कोंबड्या कशा हाईत जी?" विचारायची. बिराप्पाचा निरोप आला असला तर ते भिंतीपाशी उभे राहून सांगायचे. शालनही ऐकायची. पण निरोप संपला की दोघींचं बोलणं आपल्या वाटेनं निघायचं, आणि ते ओट्यावर येऊन बसायचे. त्यांना अजून तितकंच लागायचं.

दिवाळीनंतर शालन म्हणाली, "आयतवारी आमी दोघी तासगावला जाऊन येतो."

"दोघीच?"

तिनं जरा विचार केला. "तुमी बी चला."

गाडीला गर्दी होती. दोघी पुढच्या बाकावर शेजारी बसल्या. आप्पासोंना मागं एका गुळाच्या व्यापाऱ्याशेजारी जागा मिळाली. तासगावपर्यंत त्यांना दोन डोकी तेवढी दिसत होती, एकमेकांकडं झुकलेली. काय बोलतात ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना.

स्टँडवर गाडी थांबली. राहीबाई उतरून घाईनं पुढं निघाली. शालन खाली उतरली आणि दाराशी उभी राहिली. लोक तिला ढकलून जात होते, तरी ती आप्पासो उतरेपर्यंत हलली नाही.