धाकटी नर निघाली

डॉक्टरबाईंनी धाकटीला उताणं धरलं, शेपटीखाली निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "काका, हा ससा नर आहे."

"नाही हो. बायकोनं दुकानदाराला दोनदा विचारून मादी आणलीय."

"पिल्लू असताना भल्याभल्यांना कळत नाही."

थोरली आमच्याकडे चार वर्षं होती, एकटीच. आपलं दुखणं बरं होणार नाही हे बायकोला कळलं, तेव्हा तिनं धाकटी आणली. "मी गेल्यावर हिला सोबत हवी," म्हणाली. माझ्या सोबतीचं काही बोलली नाही. ती गेली, आणि धाकटी वयात आली.

डॉक्टरबाईंनी थोरलीचं पोट चाचपलं. "अजून पोटात पिल्लं लागत नाहीत. पण या वयात पहिली वीण जिवावर बेतू शकते. आधी नराचं ऑपरेशन करू, ते सोपं. त्यानंतरही महिनाभर दोघांना एकत्र सोडायचं नाही. तोवर त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात."

मी सुतार. त्याच दिवशी पिंजऱ्यात मधोमध फळी बसवली. जाळीतूनही घोटाळा होतो असं बाई म्हणाल्या, म्हणून सबंध फळी. धाकटीचं ऑपरेशन नीट पार पडलं. थोरली मात्र फळीला अंग लावून बसायची आणि गवताला तोंड लावेना.

मेहुणी दुपारी डबा घेऊन येते. ऑपरेशनला आठवडाही झाला नव्हता; मी कामावरून आलो, तर फळी भिंतीला टेकवलेली.

"काय केलंस हे?"

"दाजी, ऑपरेशन झालंय ना? मग बिचारीला कशाला कोंडलंत? बघा, आता कशी खातेय!"

थोरली खरंच खात होती. धाकटी तिला चिकटून.

"तिच्या अंगावर चढली होती का?"

"धाकटी? दंगा करत होती जरा. पोरखेळ!"

मी सगळं सांगितलं तशी मेहुणीनं थोरलीला उचलून पदरात घेतलं.

आम्ही थोरलीला घेऊन दवाखाना गाठला. बाई म्हणाल्या, "वाट बघत बसलो तर उशीर होईल. हिचं गर्भाशयच काढू. या वयात भूल देण्यात धोका आहे, खोटं सांगत नाही. पण वीण त्याहून वाईट. तुम्ही हो म्हणालात तरच करीन."

बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी मी लगेच हो म्हणालो होतो. ती त्या टेबलावरून परत आली नाही. आता मी थोरलीला जवळ ओढलं. थोरली माझ्या शर्टाची बाही कुरतडत होती.

"दाजी, चूक माझी," मेहुणी म्हणाली. "शिव्या द्या, पण बोला काहीतरी."

"करा," मी डॉक्टरबाईंना म्हणालो.

बाकावर आम्ही दोघं बसून राहिलो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी दार उघडलं.

"उठली," बाई म्हणाल्या. "पण आता खायला हवं. सशाचं पोट थांबलं की ससा संपला."

मी कोथिंबीर पुढे धरली. तिनं तोंड फिरवलं. मेहुणीनं धरली, तिलाही तेच. मी पुन्हा नाकाजवळ नेली आणि हात तसाच ठेवला, अवघडला तरी.

एक पान ओढलं गेलं. मेहुणी काही बोलणार, तेवढ्यात मी दुसरा हात वर केला. मला चावण्याचा आवाज ऐकायचा होता.