तार काढा आधी

मी कोळशाचं पाणी काढणारी एक जुनी मशीन आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माणसांचा मला संताप येतो.

बारामतीच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. आत जाळीचं पिंप, वर जाड झाकण. लासुर्ण्याजवळच्या या वखारीत कोळशाची भुकटी धुऊन तिच्यातली माती काढतात. धुतलेली भुकटी म्हणजे नुसता चिखल! तो माझ्या पोटात ओतला की मी गरगर फिरते, पाणी जाळीतून बाहेर उडतं आणि कोळसा कडेला चिकटून राहतो. मग मी थांबल्यावर झाकण उघडून तो खरवडायचा. थांबायला मला पाच मिनिटं लागतात. तोवर झाकण उघडू नये म्हणून माझ्या कारागिराने त्याला आपोआप लागणारं कुलूप बसवलं होतं. शहाणा माणूस!

पण मालक विजयसिंहांना तेवढी पाच मिनिटंही जड झाली. त्यांनी तार बांधून कुलूप निकामी केलं. माझ्यावर कामाला कुंडलिकतात्या होते. साखर कारखान्यात अशाच मशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस. "साखर काय नि कोळसा काय, मला शिकवू नगा," असं म्हणत ते माझ्या फिरत्या पोटात खुरपं घालायचे. मी थरथरायचे, खडखडायचे, पण ऐकतो कोण? वर खंडेनवमीला मला झेंडूचा हार घातला आणि त्या मुर्दाड तारेलाही हळदकुंकू लावलं!

परवा खुरपं अडकलं आणि तात्यांची तीन बोटं गेली.

लोक काय म्हणाले? "मशीन बळी मागतीय." अरे, मी मागितला बळी? अकला तुमच्या गहाण पडल्या आणि आळ माझ्यावर! तात्यांचं ओरडणं मी ऐकलंय. लोखंडाची असूनही मला ते सोसवत नाही.

आज सकाळी माझ्यापुढे नारळ फोडला, माझ्यावरून लिंबू उतरवलं. तात्या दवाखान्यात, म्हणून त्यांच्या जागी त्यांची सून सारजा आली. तिने झाकणाकडे बघितलं.

"मालक, ही तार काढा आधी."

"आता काय हुत न्हाय, सारजा. नारळ फोडलाय न्हवं?"

"व्हय? मग करते चालू. फिरतानाच झाकण उघडते. पयला हात तुमी घाला."

मालकांचे दोन्ही हात झटकन खिशात गेले. कुणी हसलं नाही. "पक्कड आणा रे," ते खाली बघत म्हणाले.

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. जिथे स्वतःचा हात घालायची छाती नाही, तिथे दुसऱ्याचा घालायला लावू नका. एवढं तर लोखंडालासुद्धा कळतं.