तात्यांची दाढी आणि माझी उतरलेली धार

मित्रांनो, घाबरू नका! जातीचा वस्तरा असलो, तरी सध्या मी माझ्या मुठीत नीट मिटलेला आहे. वय झालं माझं. पण नुकतंच एक अवघड काम माझ्याकडून पार पडलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

भट्टीत माझं पोलादी पातं घडलं आणि मी थेट तात्यांच्या दुकानात आलो. तात्या म्हणजे माझे धनी, दाढी-कटिंगचे कारागीर. चौतीस वर्षं त्यांनी मला रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत घोरायला लागे. जागं होऊन ‘करा सुरुवात’ म्हणावं, तर दाढी केव्हाच आटोपलेली!

पुढे तात्यांचा उजवा हात थरथरू लागला. दुकान बंद झालं आणि मी पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. मध्यंतरी जावईबापूंनी मला बाहेर काढलं, ते पार्सलची दोरी कापायला! धारेला दोन खाचा पडल्या, पात्यावर गंजाचे ठिपके आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्यांनीही दाढी वाढवली. दुसऱ्या कारागिराकडे जाईनात, मशीन लावू देईनात. अशात थोरल्या बहिणीचा निरोप आला, ‘रविवारी भेटायला येते.’ आक्कांना दिसत नाही. त्या चेहऱ्यावर हात फिरवून माणूस ओळखतात.

“तिला म्हणावं, येऊ नकोस,” तात्या पुटपुटले. “जन्मभर लोकांचे गाल गुळगुळीत केले, आणि तिच्या हाताला हा झाडू लागू देऊ?”

त्यांची लेक शिवणकाम करते, आणि हट्टीपणात बापावर गेली आहे. शनिवारी दुपारी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओलं फडकं अंथरलं, त्यावर धार लावायचा दगड ठेवला आणि मला डब्यातून काढून खसाखसा घासायला घेतलं.

“अगं, भांडी घासतेस का?” तात्या लगबगीनं आले. “पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकव. दाबू नकोस. त्याच्याच वजनानं जाऊ दे त्याला.”

तासाभरानं खाचा गेल्या. मग बारीक दगड आला. त्यावर पाण्याचे थेंब टाकून ती मला अलगद सरकवत राहिली. शेवटी पट्टा.

“इथे उलटं हं. पाठ पुढे, धार मागे. नाहीतर पट्टाच चिरशील.”

तिनं स्वतःचा एक केस उपटून माझ्या धारेला लावला. केस नुसता वाकला.

“पुन्हा,” तात्या म्हणाले.

दुसऱ्यांदाही वाकला. तिसऱ्यांदा मात्र टेकताक्षणी दोन तुकडे! माझा जीव भांड्यात पडला. पण खरी कसोटी, म्हणजे तात्यांची दाढी, पुढेच होती. तात्यांची कातडी कागदासारखी पातळ झालेली, आणि लेकीनं आजवर कापडच कापलेलं. दोन्ही गाल निभावले. गळ्यापाशी तिचा हात थांबला.

“तात्या, मला भीती वाटतेय.”

“मलाही वाटतेय,” तात्या म्हणाले. त्यांनी थरथरता हात मांडीखाली दाबून धरला, मान वर केली आणि डोळे मिटले. “म्हणूनच मी हलणार नाही. चालू दे.”

मी गळ्यावरून उतरलो. साबणाचा फेस शुभ्रच राहिला, लाल ठिपका एकही नाही. लेक हसता हसता रडू लागली.

रविवारी आक्कांनी भावाच्या गालावरून, हनुवटीवरून हात फिरवला.

“मेल्या,” त्या म्हणाल्या, “अजून शाळेत जातोस की काय?”

तात्या कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले.

मित्रांनो, धारदार वस्तूंना तुम्ही इतक्यात हात लावू नका. पण घरातल्या मोठ्यांना माझा निरोप द्या. ज्याचं जे काम, तेच त्याला सांगा. काम झालं की पुसा, कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा आणि मगच डब्यात ठेवा. एवढं केलंत, तर आम्ही म्हातारी मंडळी तुम्हाला कधीही तोंडघशी पाडणार नाही.