बिनछपराची बार्ज

निलेश खनिजवाहू बार्जीचा तांडेल, म्हणजे कप्तान, झाला त्याच आठवड्यात ती घेऊन कालव्यावरच्या पुलापाशी अडकला.

गोवा घटक राज्य झाल्याच्या पुढच्या वर्षीचा श्रावण. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळू साचते, तिथनं बार्ज जात नाही. मग डिचोलीकडच्या धक्क्यावर खनिज भरायचं, कुंभारजुव्याच्या कालव्यातनं जुवारीत उतरायचं आणि मुरगाव बंदर गाठायचं. बंदरात सरकत्या पट्ट्यावरनं खनिज धो धो जहाजात पडायचं, त्यामुळे जपानची जहाजं डोंगराएवढी यायला लागली होती. त्यांची पोटं भरायला बार्जीही मोठ्या हव्यात. मालकाने अशीच एक मोठी बांधली आणि जुन्या छोट्या बार्जीवरच्या निलेशला तिच्यावर तांडेल केला.

भरलेली बार्ज पाण्यात बसते, रिकामी वर उठते. छोट्या बार्जीवर पुलाखाली याचा विचार कधी करावा लागला नव्हता. मुरगावहून धक्क्याकडे परतताना निलेश सवयीने ऐन भरतीला रिकामी बार्ज घेऊन आला. पूल समोर दिसला तसा ओरडला, "इंजिन मागे घे!"

बार्ज थांबली. केबिनचं छप्पर पुलापेक्षा हातभर वर.

सासरा सदाशिव त्याच बार्जीवर खलाशी. तो म्हणाला, "पूल खाली इलो काय रे?"

"मामा, तुम्ही गप रवा."

"मी गपच असंय. मागचे काय म्हणतत ता आयक."

मागे दोन बार्जी भोंगे वाजवत होत्या. एकीवरनं आवाज आला, "ए कोरगावच्या! काजी पाडूक जा!"

निलेश काजूच्या बागांच्या कोरगावचा; त्याचं डोकं सणकलं. ओहोटीची वाट बघितली तर धक्क्यावर भरायची पाळी जाणार. मुरगावात जहाज शेवटच्या खेपेसाठी उभं. आणि धक्क्यावरच्या शिवदास मुकादमाने सकाळीच वायरलेसवर दम दिला होता, पाळी चुकली तर तांडेल बदलणार.

"खनिज भरायच्या होल्डात पाणी घेऊन बार्ज खाली बसवूया?" निलेश म्हणाला.

"आनी मगे त्या चिखलात खनिज भरतलंस? बंदरात कोण घेतलो?"

निलेशने छपराकडे बघितलं. बोल्ट नवेकोरे होते, अजून गंजले नव्हते.

"पाने आणा."

छप्पर उतरवून होल्डात टाकलं. सदाशिव पुढे जाऊन ओरडत राहिला, "उजव्यान! आनी वायच!" निलेश उकिडवा बसून, हात वर करून सुकाणूचं चक्र फिरवत होता. पूल डोक्यावरनं सरकला तेव्हा त्याने मान आणखी खाली घातली.

धक्क्यावर शिवदास कमरेवर हात ठेवून उभा.

"छप्पर खंय?"

"होल्डात."

"होल्डात? थंय खनिज पडूचा असा!"

"मगे काढून ठेव धक्क्यार."

"पयला लाव ता!"

"लावीत रवलंय तर पाळी जातली. तूच सांगलंस मां? भर आता."

"पावस पडता रे, आडमुठ्या."

"माका दिसता."

शिवदासने एक शिवी हासडली, छप्पर धक्क्यावर उतरवून घेतलं आणि भरायला वळला.

खनिजावर ताडपत्री ओढली. भरलेली बार्ज पुलाखालनं आरामात निघाली. जुवारीत पाऊस डोळे उघडू देईना, तेव्हा सदाशिव निलेशच्या मागे त्याच्यावर छत्री धरून उभा राहिला. स्वतः चिंब.

मुरगावात बार्ज रिकामी झाली. जहाजावरचे लोक वरनं वाकून हसत होते. तेवढ्यात वायरलेसवर शिवदासचा निरोप आला: येताना ओहोटी बघून ये.

सदाशिव म्हणाला, "म्हणजे बार्ज तूच नेतलंस. तांडेल बदलूक नाय."

"मगे आनी कोण?" म्हणत निलेश सुका शर्ट शोधायला खाली गेला.