घड्याळ दाखवणारा माणूस

"दहा मिनिटं एक सेकंद!" कॅप्टन गॅफनी ओरडला, आणि जोनेलच्या हातांतून पुतळा सुटला.

पावणेदोनशे पौंडांचा तो रबरी पुतळा धप्पकन जमिनीवर पडला. जोनेल त्याच्या शेजारीच गुडघ्यांवर बसली. हेल्मेट काढायचंही तिला सुचेना. दहा मिनिटांच्या आत संपवायची परीक्षा, आणि एक सेकंद उशीर! अग्निशमन दलाची ही भरती चार वर्षांतून एकदा निघायची आणि पस्तिशीनंतर दारं बंद. जोनेल चौतीस वर्षांची होती.

पलीकडच्या पहिल्या रांगेत तिचा मामा रुझवेल्ट पेटिग्रू हातात घड्याळ घेऊन उभा होता. सगळं शहर त्याला वेल्ट म्हणायचं. गॅफनीची आरोळी त्याच्या काळजातून आरपार गेली. पण त्याच्या रांगेतला उमेदवार अजून जिना चढत होता, म्हणून त्यानं मान वळवली नाही. मान वळवणाऱ्यातला तो माणूसच नव्हता.

सहा महिने ती पोरगी मेहनत करत होती. पहाटे शहरबस चालवायची आणि दुपारी बास्केटबॉलच्या स्टेडियमच्या पायऱ्या वाळूची पिशवी पाठीवर घेऊन चढायची. स्टेडियमची किल्ली वेल्टकडं असायची. आणि परीक्षेच्या दिवशी यादीत तिचं नाव पहिल्या रांगेत, म्हणजे मामाच्याच घड्याळाखाली आलं, तेव्हा वेल्टनं स्वतः जाऊन तिला दुसऱ्या रांगेत टाकून घेतलं होतं. उद्या कुणी म्हणायला नको, की भाची धावताना मामाचा अंगठा पेंगत होता!

त्याचा उमेदवार पुतळा ओढत रेषेपार आला. वेल्टनं घड्याळ थांबवलं, आकडा कागदावर लिहिला आणि नेहमीप्रमाणे घड्याळ त्या मुलाच्या नाकासमोर धरलं.

"बघ. नीट बघ. नऊ एकोणसाठ. स्वतःच्या डोळ्यांनी बघून घे, पोरा."

तो मुलगा डेक्लन गॅफनी, कॅप्टनचा धाकटा. तेवीस वर्षांचा, घामानं निथळलेला. आकडा बघून त्यानं वेल्टला मिठीच मारली.

घड्याळ दाखवायची ही पद्धत वेल्टची स्वतःची. नियमात ती कुठंच नव्हती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वेल्टनं हीच परीक्षा दिली होती. लेखीत तो पहिल्या विसांत होता. त्या काळी दलात बापामागं मुलगा आणि काकामागं पुतण्या, अशी वंशावळच चालायची. वेल्टसारखी काळ्या वस्तीतली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. वेल्ट रेषेपार आला, तेव्हा घड्याळ धरणाऱ्या कॅप्टननं "एका सेकंदानं हुकलास" एवढंच म्हटलं आणि घड्याळ खिशात टाकलं. तो सेकंद खरा होता की खोटा, ते वेल्टला आजतागायत कळलं नव्हतं. मग तो पाणीखात्यात लागला. बत्तीस वर्षं लोकांच्या तळघरांत उतरून मीटर वाचले, आणि संध्याकाळी हॅमर्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांत मैदानाकडेच्या टेबलावर बसून खेळाचं मुख्य घड्याळ चालवलं. त्याच्या अंगठ्यावर पंच विश्वास ठेवायचे आणि पाहुणे संघही ठेवायचे. पुढं कोर्टानं भरती सरळ करायला लावली, तेव्हा शहरानं विचारलं, घड्याळ कुणाच्या हातात द्यायचं? गोऱ्या-काळ्या दोन्ही बाजूंनी एकच नाव पुढं आलं. त्याला आता बारा वर्षं झाली होती.

या वर्षी उमेदवार फार, म्हणून पहिल्यांदाच दोन रांगा झाल्या होत्या. एका रांगेवर वेल्ट, दुसऱ्या रांगेवर गॅफनी.

परीक्षा आटोपल्यावर वेल्ट भाचीजवळ गेला. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"काही बोलू नकोस, मामा. एक सेकंद म्हणजे एक सेकंद. तूच शिकवलंयस."

"मी कुठं काय बोलतोय? पाणी पी."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, हॅमर्सचा हंगामातला शेवटचा सामना होता. हा संघ अकरा वर्षं हरत आला होता. असा हरायचा, की लोक तिकिटं फुकट वाटायचे आणि घेणारा विचारायचा, "मी तुझं काय वाकडं केलंय?" पण यंदा डॅरिऑन नावाचा एक बुटका, अंगात वारं भरलेला पोरगा आला होता. आज जिंकले तर बाद फेरीत जागा, हरले तर चंबूगबाळं आवरून घरी. अठरा हजार माणसं बोंबलत होती. जोनेल वरच्या मजल्यावर, ज्या पायऱ्या ती सहा महिने चढली त्यांच्याच टोकाला बसली होती. मामानं तिला ओढूनच आणलं होतं.

हॅमर्स एका गुणानं मागं. घड्याळात उरला होता एका सेकंदाहून थोडा कमी वेळ.

"वेल्ट, हात थरथरत नाही ना रे?" शेजारी बसणारा, गुण लिहिणारा स्टॅन कुजबुजला.

"तुझा पेन सांभाळ, म्हाताऱ्या."

पंचानं शिटी वाजवली. रेषेबाहेर उभ्या खेळाडूच्या हातात चेंडू दिला. वेल्टचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला. शिटीला तो हलला नाही. गर्दीच्या आरोळीला हलला नाही. चेंडू हवेतून निघाला, तेव्हाही हलला नाही. डॅरिऑनच्या बोटांना चेंडू लागला, त्याच क्षणी अंगठा दबला. डॅरिऑननं हवेतच वळून चेंडू फेकला, भोंगा वाजला, आणि चेंडू जाळीतून खाली आला.

पंचांनी चित्रफीत तीनदा बघितली. घड्याळ खेळाच्या नियमाप्रमाणे स्पर्शाला सुरू झालं होतं. ना आधी, ना नंतर. गुण धरले गेले आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती.

स्टॅननं वेल्टच्या पाठीत धपाटा घातला. "अरे, हा अंगठा बँकेत ठेवायला हवा! देव खाली उतरून 'चल' म्हणाला ना, तरी हात लागल्याशिवाय तुझं घड्याळ हलायचं नाही!"

वेल्ट हसला. आणि हसता हसता त्याची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली.

काल त्यानं पहिल्या रांगेचं घड्याळ कशाला सुरू केलं होतं?

नियम छापलेला होता: 'चल' शब्द उच्चारताच घड्याळ सुरू. उमेदवार रेषेवर उभा असतो, 'चल' म्हटलं की तीन पावलं पळत जाऊन पाण्याच्या नळीचं तोंड उचलतो. गॅफनी शब्दाला बटण दाबायचा. आणि वेल्ट? वेल्टनं डोळे मिटून कालचा दिवस आठवला. प्रत्येक वेळी त्याची नजर त्या पितळी तोंडावर होती. उमेदवाराचा हात तिथं लागला, की अंगठा दबत होता. नियम त्यानं बारा वर्षांपूर्वी वाचला होता. पण अंगठ्याला कुठं वाचता येतं! त्याला ठाऊक होती ती एकच रीत, स्पर्शाची. आजवर एकच रांग होती, एकच अंगठा होता, म्हणून सगळ्यांना सारखीच सवलत मिळून गेली. काल मात्र एका रांगेला सेकंद-दीड सेकंद फुकट मिळाला, आणि दुसरीला नाही. आणि भाचीला त्या दुसऱ्या रांगेत त्यानंच नेऊन उभं केलं होतं. सचोटीनं!

गाडीत बसल्यावर त्यानं जोनेलला सगळं सांगितलं. बाहेर लोक मोटारींच्या टपांवर नाचत होते.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"का गं?"

"का म्हणजे? भाची नापास झाली आणि दुसऱ्या दिवशी मामाला साक्षात्कार झाला! कोण विश्वास ठेवेल? जन्मभर कमावलेलं नाव जाईल तुझं. आणि मी लागलेच, तर मरेपर्यंत 'मामाची भरती' म्हणून चिडवतील मला. बस चालवेन मी, पण ते नको."

"तू लागशील असं कोण म्हणालं? कदाचित छापील नियमच लावतील. मग तुझी दहा मिनिटं एक सेकंद तशीच राहणार, आणि वरून माझ्या रांगेतली पोरं गळणार."

"मग तर कमालच झाली! कुणाचंच भलं होत नाही, तर सांगतोस कशाला?"

वेल्टनं गाडी सुरू केली नाही. "माझ्या परीक्षेच्या दिवशी माझा सेकंद त्या कॅप्टननं खिशात घातला, जोनेल. तेवीस वर्षांचा होतो मी. चव्वेचाळीस वर्षं मी तो शोधतोय. आता दुसऱ्या कुणाचा तरी सेकंद माझ्या खिशात आहे, आणि मला ते कळलंय. गप्प बसलो, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

जोनेलनं डोळे पुसले. "मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. मग सीटचा पट्टा लावत, "घरी आई रताळ्याचं गोड करून बसलीये. चल."

सोमवारी सकाळी भरती कार्यालय उघडायच्या आधीच वेल्ट दारात उभा होता. अंगात चर्चला जातानाचा कोट. तिथल्या प्रमुख साल्सेडोबाई हातातली कॉफी न पिता त्याचं ऐकत राहिल्या. मग त्यांनी गॅफनीला बोलावून घेतलं आणि परीक्षेच्या मैदानातल्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत लावली.

गॅफनी आधी हसला. "वा रे वा! भाची हुकली आणि तुझं घड्याळ बिघडलं?"

"घड्याळ ठणठणीत आहे. अंगठा चुकला. आणि गॅफनी, तुझा मुलगा त्याच अंगठ्यावर पास झालाय. काल दुपारपर्यंत मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे."

गॅफनीचं हसू मावळलं.

चित्रफीत दोन तास चालली. गॅफनीचं बटण प्रत्येक वेळी शब्दाला दबलेलं. वेल्टचं प्रत्येक वेळी हात लागल्यावर. एकोणचाळीस उमेदवार आणि एकोणचाळीस वेळा तेच. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

"मिस्टर पेटिग्रू," साल्सेडोबाई कपाळ चोळत म्हणाल्या, "तुमची चूकसुद्धा घड्याळासारखी आहे हो. आता तुम्हीच सांगा, काय करू? नियम धरला तर तुमच्या रांगेतले तिघं गळतात. बारा वर्षांची वहिवाट धरली, तर दुसऱ्या रांगेतले दोघं आत येतात, त्यात तुमची भाची. तुम्हाला काय हवंय?"

"मला विचारू नका. मी मामा आहे." वेल्टनं गॅफनीकडं बोट केलं. "आणि त्याला विचारू नका, तो बाप आहे. पाचांना पुन्हा पळवा. एकच रांग, एकच घड्याळ, आणि ते आम्हा दोघांपैकी कुणाच्याही हातात नको."

खिशातून घड्याळ काढून त्यानं बाईंच्या टेबलावर ठेवलं. बारा वर्षांत त्याची दोरी तीनदा बदलली होती.

आठवडाभर व्हायची ती शोभा झाली. न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणाले, वेल्टनं भाचीसाठी नाटक केलं. चर्चमध्ये एक बाई म्हणाली, आपलीच माणसं असून आपलंच नाव घालवतात. वेल्टच्या रांगेतल्या त्या तिघांत एक पोरगा त्याच चर्चचा होता. त्याची आई वेल्टच्या बाकावर बसेनाशी झाली. जोनेलची आई तर तोंडावरच म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! तुला कुणी सांगितलं होतं तिला त्या रांगेत टाकायला?" वेल्टनं सगळं ऐकून घेतलं. जेवला नीट, झोपला नीट. खरं बोललेल्या माणसाला झोप लागते, हा अनुभव त्याला नवा नव्हता.

पुढच्या शनिवारी पाच जण पुन्हा उभे राहिले. घड्याळ शेजारच्या गावाहून आलेल्या एका तरुण अधिकारी मुलीच्या हातात होतं. वेल्ट आणि गॅफनी मैदानाभोवती बांधलेल्या दोराबाहेर शेजारी शेजारी उभे. दोघांच्याही हातांना काम नव्हतं.

"चल!" ती मुलगी ओरडली आणि जोनेल सुटली. नळी, जिना, घण, शिडी. स्टेडियमच्या सगळ्या पायऱ्या तिच्या पायांत होत्या. शेवटी पुतळा. या वेळी तिनं त्याला काखेत धरलं नाही, पाठीच्या पट्ट्याला धरून खसाखसा ओढलं.

"नऊ मिनिटं चोपन्न!"

जोनेल मामाकडं धावत आली नाही. आहे त्या जागी उभी राहून तिनं आधी हेल्मेट काढलं, काखेत धरलं, आणि मग मान वर केली. वेल्टनं गाल पुसले आणि कुणी बघतंय का याची फिकीर केली नाही.

मधले तिघं पळाले. चर्चमधला पोरगा तीन सेकंद राखून आत आला. शेवटी डेक्लन. पोरगा जीव तोडून पळाला. जिन्यावर एकदा पाय घसरला, उठला, पुन्हा पळाला. शेवटच्या दहा पावलांना गॅफनी दोर मुठीत घट्ट धरून उभा होता.

"दहा मिनिटं... एक सेकंद," ती मुलगी म्हणाली. आकडा लिहून तिनं घड्याळ खिशाकडं नेलं.

डेक्लन तिथंच उभा होता, छाती भात्यासारखी हलत होती. एक सेकंद. वेल्टला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. आरशात बघितलेला, फार वर्षांपूर्वी.

"बाई," वेल्ट दोराबाहेरून म्हणाला, "घड्याळ दाखवा त्याला."

"नियमात तसं नाहीये, सर."

"नाहीये. तरी दाखवा."

दोन पावलं पुढं होऊन तिनं घड्याळ त्या मुलासमोर धरलं. डेक्लन वाकला, आकड्याकडं बघत राहिला, पुरेसं बघून झाल्यावर त्यानं मान हलवली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "थँक यू."

गॅफनीनं दोर सोडला. "चार वर्षांनी सत्ताविसाचा होईल तो," तो कुणाकडंही न बघता म्हणाला.

"मग घोडामैदान लांब नाही," वेल्ट म्हणाला. "स्टेडियमच्या पायऱ्या रिकाम्याच असतात दुपारी. पाठव त्याला. किल्ली आहे माझ्याकडं."