खुंटीवरून उतरलेली रवी

मी एक जुनी रवी आहे. ताक घुसळायची. बाभळीच्या लाकडाची, खाली पाकळ्या आणि कमरेला दोरी. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला चित्रातच पाहिलं असेल, म्हणून आधी ओळख सांगितली.

पुणतांब्याच्या रामहरी सुतारानं मला घडवलं, तेव्हा मुक्ताबाई नवी नवरी होती. दोरीची दोन टोकं दोन हातांत धरून ती आळीपाळीनं ओढायची आणि मी डेऱ्यात गरगर फिरायची. लोणी वर आलं की ती उजव्या हातानं अलगद गोळा काढायची. ताक मागायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "मुक्ताबाईच्या हाताला गोडी हाय." माझं नाव कुणी घेत नसे, पण त्यातलं निम्मं कौतुक मी माझंच धरत असे.

पुढे घरात मिक्सर आला. त्याचा आवाज मोठा आणि तोरा त्याहून मोठा. तरी सुनेनं, आरतीनं, मला फेकलं नाही. तेल लावून मुक्ताबाईच्या खोलीत खुंटीला अडकवलं. जपून ठेवलं म्हणे.

मग एके दिवशी मुक्ताबाईच्या अंगावरून वारं गेलं. पक्षाघाताला आमच्याकडे असंच म्हणतात. दवाखान्यातून ती घरी आली ती उजवा हात लुळा घेऊन. पुन्हा वारं लागू नये म्हणून घरच्यांनी खिडकी लावून घेतली. आरती तिला भरवायची, वेणी घालायची, पाण्याचा पेलाही तिच्या ओठांना लावायची. सून असावी तर अशी, असं सगळी गल्ली म्हणायची. पण घास घेताना मुक्ताबाई भिंतीकडे बघायची. डाव्या हातानं जेवणं तिला पटत नव्हतं आणि दुसऱ्याच्या हातानं जेवणं सोसत नव्हतं. आपल्या उजव्या हातानं चार घास खावेत, एवढंच तिला हवं होतं. ते बघून खुंटीवर माझा जीव तुटायचा.

अशात आरोग्य केंद्रातून डॉक्टर स्टेला येऊ लागली. पक्षाघात झालेल्या माणसांना गावातच, घरच्या घरी कसं सावरता येईल, याचा ती अभ्यास करत होती. तिनं आधी खिडकी उघडली. "आजी, हा आजार वाऱ्यानं होत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा अडला म्हणून झाला. बीपीची गोळी चुकवू नका, वारा खुशाल घ्या." मग तिनं हातात दाबायला रबरी चेंडू दिला. मुक्ताबाईनं तो खाली टाकला.

"मी काय तान्हं लेकरू हाय व्हय?" जीभ जड होती, तरी शब्द कळले.

स्टेला हसली. चेंडू तिनं पिशवीत टाकला. "बरं, मग या हाताला काय करायला आवडायचं?"

मुक्ताबाईनं माझ्याकडे पाहिलं.

स्टेलानं मला उतरवलं, डेऱ्यात पाणी घातलं आणि मुक्ताबाईची लुळी बोटं दोरीवर ठेवून फडक्यानं सैलसर बांधली. डावा हात ओढी, उजवा मागोमाग फरफटत येई. नुसतं पाणीच घुसळत होते, पण मला स्वर्ग दोन बोटं उरला. रोज थोडं थोडं करा, असं आरतीला सांगून स्टेला गेली.

दुसऱ्याच दिवशी शेजारची साळूबाई डोकावली. "आरते, सासू आजारी आन् तू तिला कामाला जुंपती? लोकं काय म्हनतील?"

आरतीचा चेहरा पडला. तिनं मला पुन्हा खुंटीला अडकवलं. मला तिचा राग आला नाही. पोटात मायाच होती, फक्त गावाच्या तोंडाला ती भ्याली.

त्या दुपारी मुक्ताबाईनं तोंडच उघडलं नाही. आरती घास धरून बसली. "आत्याबाई, खा ना. माजं काय चुकलं का?"

"आदी रवी काढ," मुक्ताबाई म्हणाली. "मंग जेवते."

आरतीनं मला काढलं. पुढच्या खेपेला साळूबाई आली, तेव्हा तिलाच डेरा धरायला बसवलं.

महिने गेले. हात पूर्वीसारखा झाला नाही, पण फडकं सुटलं. पाण्याच्या जागी दही आलं. एका सकाळी लोणी वर आलं, तसा मुक्ताबाईनं थरथरत्या उजव्या हातानं गोळा काढला. थोडं लोणी लुगड्यावर सांडलं. आता ती खाणार, असं मला वाटलं. तिनं हात आरतीच्या तोंडाशी नेला.

"आ कर. लई भरवलंस मला."

आरतीला लोणी गिळवेना, इतकं रडू आलं.

मित्रांनो, मलाही जपलंच होतं, तेल लावून, खुंटीवर. पण कामावाचून माझ्या पाकळ्यांना चिरा पडत चालल्या होत्या. घरात कुणी आजारी पडलं तर त्याची सेवा जरूर करा, फक्त त्याच्या हातचं सगळं काढून घेऊ नका. थोडं सांडलं तर सांडू द्या.